साताऱ्याचा नळ आणि जिनिव्हाचा करार

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरची गोष्ट. साताऱ्यात एक मुलगा रोज घरून गोणपाटाचा तुकडा घेऊन शाळेत जात असे. वर्गात तो त्याच तुकड्यावर बसे आणि शाळा सुटली की तो बगलेत मारून घरी आणे, कारण शाळा झाडणारा नोकरसुद्धा त्या गोणपाटाला शिवत नसे. तहान लागली की इतर मुले नळावर जात, तोटी फिरवत, पाणी पिऊन परत येत. या मुलाला मात्र आधी मास्तरांची परवानगी लागे आणि मग शाळेच्या शिपायाने येऊन तोटी उघडावी लागे. शिपाई जागेवर नसला की पाणी नाही. आता यातली गोम पाहा. पाणी पिण्याची त्याला मनाई नव्हती. परवानगी होती, नळ होता, नळाला पाणीही होते. नव्हता तो शिपाई.

हा मुलगा म्हणजे भिवा रामजी, पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ही आठवण त्यांनी स्वतःच इंग्रजीत लिहून ठेवली आहे.

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले आणि दुसरे १९३९ साली पेटले. मधल्या एकवीस वर्षांत जगात शांतता राखण्यासाठी राष्ट्रसंघ नावाची संस्था जिनिव्हात उभी राहिली, तिने मोठमोठे करार केले, हमी दिल्या आणि ती कोसळलीही. बाबासाहेबांचे सार्वजनिक आयुष्य घडले ते नेमके याच काळात. महाडचे तळे, काळाराम मंदिर, पुणे करार हा भाग आपल्याला पाठ असतो. पण सात समुद्रांपलीकडे चाललेल्या त्या प्रयोगाकडे साताऱ्याच्या नळावर तहानलेला राहिलेला हा माणूस कसा पाहत होता, हेही जाणून घेण्यासारखे आहे.

मसूरचे स्टेशन

रामजी सकपाळ पलटणीतले सुभेदार. निवृत्तीनंतर दापोलीहून ते साताऱ्यास आले. इथेच १८९६ साली भिवाची आई भीमाबाई वारली. तिची समाधी साताऱ्यात आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झाले. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिन म्हणून पाळतात.

पुढच्याच वर्षी, १९०१ च्या उन्हाळ्यात, ती प्रसिद्ध सहल घडली. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून खटाव तालुक्यात सरकारी तलावाचे काम चालू होते आणि रामजी तिथे खजिनदार होते. त्यांनी मुलांना सुट्टीत बोलावले. भिवा, थोरला भाऊ आणि भाचे असे सगळे नव्या कपड्यांत, नव्या टोप्या घालून गाडीत बसले आणि मसूरला उतरले. पुणे-मिरज मार्गावरचे हे स्टेशन सातारा-सांगलीकडच्या प्रवाशांना आजही लागते. मुले नीटनेटकी पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागले. जात कळताच मात्र त्यांचा चेहरा पालटला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि गाडी आपली आपण हाकण्याच्या बोलीवर एक गाडी मिळाली; गाडीवान बाजूने चालत आला. बरोबर शिदोरी होती, पण पाणी नव्हते. मध्यरात्री टोलनाक्यावर मुलांनी आपण मुसलमान आहोत असे सांगून पाहिले, तरी पाणी मिळाले नाही. मुले रात्रभर उपाशी राहिली. वडिलांना पत्र गेले होते, पण ते ज्याच्या हाती पडले तो ते पोचते करायला विसरला होता.

पत्र गेले होते, भाडे दिले होते, टोलनाका सरकारी होता. सगळे रीतसर होते आणि तरी मुले तहानलेली राहिली. नऊ-दहा वर्षांच्या पोराने यातून काय धडा घेतला असेल ते आपण सांगू नये. पण पुढे प्रत्येक वचनापाशी, प्रत्येक सनदेपाशी बाबासाहेब एकच गोष्ट विचारताना दिसतात: हे पाळले गेले नाही, तर दाद कुणाकडे?

पलटणीच्या बाबतीतही असेच घडले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर १९२१ साली ती मोडीत काढली. त्या युद्धाची झळ आपल्या भागाला कमी लागली नव्हती. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या एकाच गावचे ४६ जवान त्यात कामी आले; गाव आजही अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखले जाते. मराठा पलटणी मेसोपोटेमियाच्या वाळवंटात लढल्या. तोच मुलुख पुढे इराक या नावाने राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली, पण प्रत्यक्षात इंग्रजांच्या ताब्यात गेला.

युद्धाच्या सावलीतले शिक्षण

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथले त्यांचे गुरू म्हणून सेलिग्मन आणि ड्यूई यांची नावे नेहमी घेतली जातात. आणखी एक नाव मागे पडते, ते इतिहासाचे प्राध्यापक जेम्स शॉटवेल यांचे. हे गृहस्थ पुढे अध्यक्ष विल्सन यांच्याबरोबर पॅरिसच्या शांतता परिषदेला गेले आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा राहिला. राष्ट्रसंघाच्या घडवणाऱ्यांपैकी एकाच्या वर्गात आपला हा सातारकर विद्यार्थी बसला होता.

युद्धाने त्यांना स्वतःलाही तडाखा दिला. १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. ते सुखरूप पोचले, पण त्यांचे सामान असलेले जहाज पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली.

पुढच्या वर्षी त्यांनी बर्ट्रांड रसेल यांच्या एका पुस्तकावर परीक्षण लिहिले. रसेल युद्धाचे कट्टर विरोधक. युद्धविरोधी प्रचारापायी इंग्लंडात तुरुंगात गेलेले. एखाद्या तरुण प्राध्यापकाने त्यांची नुसती वाहवा केली असती. आंबेडकरांनी आदर राखून एक भेद स्पष्ट केला, आणि तो ड्यूईंच्या शिकवणीतला होता: बळ आणि हिंसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बळाशिवाय जगात काहीच घडत नाही. प्रश्न ते उधळून नासधूस करायची की नीट वळवून विधायक कामाला लावायचे, एवढाच. हात बांधून बसणे म्हणजे शांतता नव्हे, हा त्या परीक्षणाचा गाभा. राष्ट्रसंघाचा जन्म अजून व्हायचा होता. पण तो पुढे कशाने मेला ते आठवले की हे परीक्षण पुन्हा वाचावेसे वाटते.

एकाच महिन्यातल्या दोन बैठका

१८ जानेवारी १९१९ रोजी पॅरिसमध्ये शांतता परिषद सुरू झाली. बरोबर नऊ दिवसांनी, २७ जानेवारीला, मुंबईत साउथबरो समितीपुढे सत्तावीस वर्षांचे आंबेडकर साक्ष द्यायला उभे राहिले. तिकडे पोल, झेक, अरब आपापली गाऱ्हाणी मांडत होते. इकडे हा तरुण अस्पृश्यांसाठी मताधिकार आणि स्वतंत्र प्रतिनिधी मागत होता.

पॅरिसमध्ये एक प्रसंग असा घडला की तो आपल्याकडे अधिक माहीत असायला हवा होता. राष्ट्रसंघाच्या घटनेत सर्व राष्ट्रांच्या माणसांना समान वागणूक मिळावी, असा शब्द घालण्याची सूचना जपानने केली. एप्रिलमध्ये समितीच्या १७ पैकी ११ मते तिच्या बाजूने पडली. तरीही विल्सन यांनी एकमत नाही या सबबीवर ती फेटाळली. समतेचा शब्दच जिथे नको होता, तिथे अस्पृश्यतेचा विषय कुठून निघणार?

राष्ट्रसंघाने अल्पसंख्याकांसाठी काहीच केले नाही असे मात्र नाही. पोलंड, झेकोस्लोव्हाकिया, रुमानिया यांसारख्या देशांकडून करार लिहून घेतले. भाषा, धर्म, शाळा, नोकऱ्या यांत अल्पसंख्याकांवर अन्याय होणार नाही, अशी हमी त्यांत होती आणि त्या हमीला राष्ट्रसंघ जामीन होता. कागद उत्तम होता. पण इंग्लंड-फ्रान्ससारख्या बड्यांनी स्वतःवर असे कोणतेही बंधन घेतले नाही. भारत राष्ट्रसंघाचा संस्थापक सभासद होता खरा. पण त्याच्या वतीने तहावर सह्या केल्या त्या भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज यांनी. खटावच्या किंवा तासगावच्या अस्पृश्याला जिनिव्हाचे दार ठोठावण्याची सोयच नव्हती.

ज्यांना ती होती, त्यांनाही फारसे हाती लागत नसे. अर्ज पाठवता येई, पण अर्जदार हा वादी धरला जात नसे. त्याचा अर्ज केवळ माहिती म्हणून घेतला जाई. तीन सभासदांची समिती बंद दाराआड तो वाचे आणि संबंधित सरकारशी गोडीगुलाबीने बोले.

अपवाद झाला तो अप्पर सिलेशियात. जर्मनी-पोलंडच्या सीमेवरील या प्रांतासाठी १९२२ साली वेगळा करार झाला होता आणि त्यात एकट्या माणसालाही तक्रार नेण्याचा हक्क होता. १९३३ साली हिटलरने ज्यूंना नोकऱ्यांतून काढायला सुरुवात केली, तेव्हा तिथल्या फ्रान्झ बर्नहाइम या नोकरी गेलेल्या माणसाने जिनिव्हाला अर्ज धाडला. तो मान्य झाला! त्या प्रांतापुरते ज्यूविरोधी कायदे थांबवणे खुद्द हिटलरला भाग पडले, आणि १९३७ च्या जुलैत कराराची मुदत संपेपर्यंत ते थांबले. उरलेल्या जर्मनीत मात्र जे व्हायचे ते झाले. राष्ट्रसंघ मुळातच नालायक होता असे म्हणणाऱ्यांनी हे चार वर्षांचे उदाहरण विसरू नये. शिपाई जागेवर होता, तेवढ्या दिवसांपुरते पाणी मिळाले.

छोट्या भांडणांत राष्ट्रसंघाने कामे केलीही. फिनलंड आणि स्वीडन यांचा आलांड बेटांचा तंटा १९२१ साली मिटवला. १९२५ साली ग्रीक फौज बल्गेरियात घुसली, ती परत फिरवली. भांडणारे लहान असले आणि बड्यांचे एकमत असले की त्याचे चाले.

गोलमेज आणि मांचुरिया

बाबासाहेब दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला होते, तेव्हाच १८ सप्टेंबर १९३१ रोजी जपानी फौजा मांचुरियात शिरल्या. राष्ट्रसंघाने चौकशी मंडळ नेमले. त्याचे अध्यक्ष लॉर्ड लिटन, म्हणजे बंगालचे माजी गव्हर्नर. अहवाल यायला एक वर्ष लागले. तोवर जपानने तिथे बाहुले सरकार बसवूनही टाकले होते. १९३३ च्या फेब्रुवारीत ४२ विरुद्ध १ मताने अहवाल मंजूर झाला. तो एक म्हणजे जपान. त्याचा प्रतिनिधी सभा सोडून निघून गेला. पुढे काही नाही.

गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी दिलेला मसुदा या पार्श्वभूमीवर वाचावा. समान हक्कांचा उच्चार करून ते थांबत नाहीत. हक्क नाकारणाऱ्याला शिक्षा काय, हेही ते लिहितात. बहिष्कार हा गुन्हा ठरवा, असे ते सांगतात आणि त्याची व्याख्या करण्यासाठी ब्रह्मदेशातल्या कायद्याचा आधार घेतात. गावकीने दुकान बंद केले, पाणी बंद केले, मजुरी बंद केली तर संरक्षणाचा कागद कुचकामी ठरतो, हे त्यांना जिनिव्हाहून शिकायची गरज नव्हती.

१९३५ च्या ऑक्टोबरात इटलीने ॲबिसिनियावर हल्ला केला. त्याच महिन्याच्या १३ तारखेला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. या दोहोंचा संबंध जोडण्याचे कारण नाही. काळ कोणता होता एवढेच ध्यानात यावे. राष्ट्रसंघाने इटलीवर आर्थिक निर्बंध घातले, पण तेल वगळले आणि सुएझ कालवाही उघडा ठेवला. रणगाडे तेलावर चालतात, हे जिनिव्हात कुणाला ठाऊक नव्हते असे थोडेच आहे! १९३६ च्या जूनमध्ये सम्राट हैले सेलासी यांनी स्वतः तिथे उभे राहून गाऱ्हाणे मांडले. पुढच्याच महिन्यात निर्बंध उठले.

पाकिस्तानवरचा ग्रंथ

१९४० साली बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या मागणीवर ग्रंथ लिहिला. त्याबद्दल आपल्याकडे वाद पुष्कळ झाले, पण युरोपच्या अनुभवाचा त्यात किती बारकाईने वापर केला आहे ते क्वचितच सांगितले जाते. तुर्की साम्राज्य कसे फुटले आणि झेकोस्लोव्हाकिया वीस वर्षांत कसा नाहीसा झाला, यावर त्यांनी स्वतंत्र प्रकरण लिहिले. युद्धानंतरच्या नव्या राष्ट्रांच्या घटना अल्पसंख्याकांच्या हक्कांनी ठासून भरल्या होत्या आणि तरी त्या हक्कांनी अल्पसंख्याकांना वाचवले नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता.

मग उपाय कोणता? ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी १९२३ साली राष्ट्रसंघाच्या मध्यस्थीने लोकसंख्येची अदलाबदल केली, तो मार्ग त्यांनी पुढे केला. फाळणी होणारच असेल तर ती आधी ठरवून, मालमत्तेची भरपाई देऊन, सरकारी देखरेखीखाली लोकांना हलवून व्हावी, असे त्यांचे म्हणणे होते. इथे मात्र थांबावेसे वाटते. त्या अदलाबदलीत दहा लाखांहून अधिक माणसे पिढ्यान् पिढ्यांच्या गावांतून उठवली गेली. त्यांना कुणी विचारले नाही. कागदावरची हमी फसली म्हणून माणसेच उचलून दुसरीकडे न्यायची, हा उपाय पटणे कठीण आहे. पण १९४७ साली जे घडले ते पाहिल्यावर त्यांच्या इशाऱ्याला हसणाऱ्यांचे हसू मावळले असणार. माणसे हललीच, देखरेख तेवढी नव्हती.

जे टिकले

राष्ट्रसंघाचा एक भाग मात्र युद्धातूनही वाचला, तो म्हणजे शॉटवेल यांनी हातभार लावलेली कामगार संघटना. १९१९ साली तिची पहिली परिषद वॉशिंग्टनला भरली, तेव्हा भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून आपले ना. म. जोशी गेले होते. सरकार, मालक आणि कामगार एकाच टेबलाशी बसतात, ही तिची रीत. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले आणि ७ ऑगस्टला दिल्लीत याच धर्तीची त्रिपक्षीय परिषद भरली. दुसऱ्या दिवशी मुंबईत 'चले जाव'चा ठराव झाला, त्यामुळे ती बातमी झाकोळून गेली. १९४६ साली कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. वॉशिंग्टनला १९१९ साली ठरलेला नियम इथल्या कामगारापर्यंत पोचायला सत्तावीस वर्षे लागली, पण पोचला. त्याच्या मागे कायदा होता आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणारा निरीक्षक होता.

१९४६ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रसंघ रीतसर विसर्जित झाला आणि त्याची जागा युनोने घेतली. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या एका संघटनेने युनोकडे अर्ज केला. ते वाचून बाबासाहेबांनी विचारवंत डू बॉइस यांना पत्र धाडले: भारतातले अस्पृश्यही तसाच अर्ज करण्याच्या विचारात आहेत, त्या अर्जाच्या प्रती मिळतील काय? जुलैअखेर डू बॉइस यांचे सहानुभूतीचे उत्तर आले. राष्ट्रसंघाची गत डोळ्यांदेखत पाहिलेला माणूस पुन्हा तशाच एका दाराशी जायला तयार होतो, हे नवल वाटण्याजोगे आहे. पण तहानलेला माणूस प्रत्येक नळ तपासून पाहतो.

वर्षभरात परिस्थिती पालटली. २९ ऑगस्ट १९४७ रोजी घटनेची मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. आता हमी लिहून घेणारे ते राहिले नाहीत. ती लिहिणारे झाले. ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत मूलभूत हक्कांच्या एका कलमाची चर्चा निघाली, ते आजचे कलम ३२. हक्क हिरावला गेला तर कुणाही नागरिकाने थेट सर्वोच्च न्यायालयात जावे, असे ते कलम. साऱ्या घटनेत सर्वांत महत्त्वाचे कोणते असे विचारले तर आपण याच कलमाकडे बोट दाखवू, कारण ते काढले तर घटनेचा प्राणच जाईल, असे त्यांनी सभागृहाला सांगितले. जिनिव्हाच्या तीन सभासदांच्या समितीपुढे अर्जदाराला जे कधी मिळाले नव्हते, ते इथे कलमात लिहिले गेले: वादी म्हणून उभे राहण्याचा हक्क.

परराष्ट्रनीतीबाबत त्यांचे नेहरूंशी पटले नाही. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत त्यांनी पंचशीलावर टीका केली. देशांचे तुकडे पाडून शांतता विकत घेतली जात आहे, असा त्यांचा रोख होता. चीनवर इतका भरवसा ठेवू नये, असेही त्यांनी सुचवले. आठ वर्षांनी, १९६२ साली, ते अनेकांना आठवले. पण त्यांचे सगळेच म्हणणे खरे ठरले असे नव्हे. त्या काळात लष्करी गटांपासून दूर राहण्यात भारताचे हित होते, असे मानणाऱ्यांची बाजूही दुबळी नाही.

त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या महिन्यात दोन घटना घडल्या. ४ नोव्हेंबर १९५६ रोजी रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले. युनोने ठराव केले आणि रणगाडे तिथेच राहिले. त्याच आठवड्यात सुएझसाठी युनोने आपली पहिली शांतिसेना उभी केली. १५ नोव्हेंबरला तिच्या पहिल्या तुकड्या इजिप्तमध्ये उतरल्या. भारताचे जवानही तिच्यात होते. ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेबांचे निधन झाले, तेव्हा त्या फौजेला तिथे जाऊन तीन आठवडे झाले होते. दहा वर्षे ती सीमेवर राहिली. १९६७ च्या मे महिन्यात इजिप्तने तिला निघून जायला सांगितले, ती निघाली, आणि ५ जूनला तिथे पुन्हा युद्ध पेटले.